प्रोसेसरला तांब्याचं झाकण: खान्देशातल्या उन्हात ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी

मार्च संपत आला की जळगाव, भुसावळ, धुळे सगळीकडच्या पोरांचा एकच प्रश्न असतो, भो ओव्हरक्लॉक केला (म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला) आणि माझा प्रोसेसर नव्वद अंशांवर चाललाय, ते तांब्याचं आयएचएस मिळतं ना बाहेरून, ते लावू का? तर लावा, नाही म्हणत नाही, पण ते कशासाठी लावतोय ते आधी समजून घ्या, नाहीतर पैसे जातील, प्रोसेसर जाईल आणि टेंपरेचर तिथल्या तिथेच राहील.

आयएचएस म्हणजे प्रोसेसरवरचं ते चंदेरी झाकण, ज्याच्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर कोरलेला असतो. त्याच्या खाली खरी चिप असते, तिला डाय म्हणतात, नखाएवढी. आता पहिली गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत: कंपनीचं मूळ झाकणसुद्धा तांब्याचंच असतं. वरून निकेलचा मुलामा असतो म्हणून चंदेरी दिसतं. कोपरा पॉलिश पेपरने घासून बघा, लाल निघेल. म्हणजे "तांब्याचं" एवढ्याच कारणासाठी कोणी नवीन झाकण घेत असेल तर तो तांब्याच्या जागी तांबंच लावतोय. निकेल उष्णता कमी वाहतं हे खरं, तांब्याचा उष्णता वाहण्याचा आकडा (वॅट प्रति मीटर प्रति अंश) ४०० च्या आसपास आणि निकेलचा ९० च्या आसपास, पण मुलामा काही मायक्रॉनचाच असतो, त्याने काही अडत नाही.

मग फरक कुठून येतो? झाकणाच्या आतून. इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये डाय आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर (वितळवून जोडायचा धातू) सोडून उष्णता नेणारी पेस्ट भरायला सुरुवात केली. त्याच्या आधीच्या सँडी ब्रिजला सोल्डर होतं. ४७७०के, ४७९०के, ६७००के, ७७००के, ८७००के हे सगळे पेस्टवाले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ९९००के आला तेव्हा परत सोल्डर आलं. आणि पेस्टपेक्षाही मोठी अडचण म्हणजे झाकण चिकटवायला कडेने जो काळा सिलिकॉन लावतात त्याची जाडी. त्या जाडीमुळे झाकण डायपासून जरा वर उचललेलं राहतं आणि मधली फट पेस्टने भरलेली असते. भाकरी तव्याला जिथे टेकत नाही तिथे कच्ची राहते ना, तसंच.

हिशोब करून बघा, अवघड नाही. ८७००के चा डाय साधारण १५० चौरस मिलिमीटरचा. ओव्हरक्लॉकवर १५० वॅट निघतात असं धरा. मधली फट ०.१ मिलिमीटर आणि पेस्टचा आकडा ५ धरला तर नुसत्या त्या फटीत २० अंशांचा फरक पडतो. तीच फट लिक्विड मेटलने, म्हणजे पातळ वाहत्या धातूने भरली, त्यातल्या कंडक्टोनॉट ब्रँडचा आकडा कंपनी ७३ सांगते, तर दीड अंशाच्या आतच काम होतं. आणि दोन मिलिमीटर जाड तांबं पार करायला जास्तीत जास्त ५ अंश लागतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच कारण उष्णता बाजूला पसरते, आणि हे ५ अंश मूळ झाकणातही लागतात आणि नवीनमध्येही लागतात. म्हणजे डिलिड करून (मूळ झाकण काढून) लिक्विड मेटल लावलं की दहा ते वीस अंश खाली येतं, आणि त्याच्यावर नवीन तांब्याचं झाकण लावलं की अजून दोन-चार अंश, ते पण ते झाकण जास्त सपाट असतं, वरून थोडं मोठं असतं आणि आतून फट कमी राहील असं मशीन केलेलं असतं म्हणून. पैसे कमी असतील तर आधी डिलिड आणि लिक्विड मेटल, झाकण नंतर. उलटं करणारे लोक बघितलेत, झाकण मागवलं आणि आत साधी पेस्ट भरली, कशाला रे बाबा.

आता कोणासाठी हे आहे आणि कोणासाठी नाही. सेकंडहँडमध्ये ७७००के किंवा ८७००के झेड बोर्डासकट (ओव्हरक्लॉक करू देणारा मदरबोर्ड) मिळाला असेल, त्याला अजून दोन-तीन वर्षं ताणायचं असेल, तर हे काम मस्त. मागे के नसेल, नुसता ७७०० किंवा ८४०० असेल, तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) लॉक आहे, ओव्हरक्लॉक होणार नाही, फक्त आवाज आणि टेंपरेचरसाठी करायचं तर करा पण मी करणार नाही. एएमडीचे रायझन बहुतेक सगळे सोल्डरवाले, त्यांच्या नादी लागू नका. २२००जी आणि २४००जी मध्ये पेस्ट आहे, पण त्यांना खाली पिना असतात, झाकण काढताना पिन वाकली की मग सुई घेऊन बसा. ९९००के पासून पुढच्या के वाल्या इंटेलला सोल्डर आहे, नुसतं ढकलून ते सुटत नाही, गरम करावं लागतं, इंडियम १५६-१५७ अंशांना वितळतं, आणि जबरदस्ती केली की डायचा टवकाच निघतो. ते घरी करायचं काम नाही.

इंटेलच्या बाराव्या जनरेशनपासूनचे जे एलजीए १७०० सॉकेटवाले आहेत त्यांचं दुखणंच वेगळं, तिथे सॉकेटचा क्लॅम्प लांबट प्रोसेसरला मधोमध दाबतो आणि झाकण वाकतं, म्हणून कूलर नीट टेकत नाही. त्यावर कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, स्वस्त असते, क्लॅम्प काढून ती लावायची, काही अंश उतरतात आणि प्रोसेसर उघडायचीही गरज नाही. त्या पोरांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

झाकण घेताना काय बघायचं. अमेरिकेतल्या रॉकिट कूलचं नाव यात जुनं आहे, त्यांचं डिलिड टूलही चालतं, आणि जर्मनीच्या डेअरबाऊरचं डिलिड डाय मेट. आपल्याकडे बहुतेक बाहेरून मागवावं लागतं, कस्टम ड्युटी धरूनच बजेट करा. मुख्य गोष्ट, झाकण तुमच्या जनरेशनचंच हवं. ११५० आणि ११५१ सॉकेटचे प्रोसेसर बाहेरून सारखेच दिसतात पण हॅसवेलची (४७७०के, ४७९०के) हिरवी पट्टी म्हणजे सबस्ट्रेट जाड असतो आणि स्कायलेकपासून (६७००के) तो पातळ झाला, त्यामुळे सॉकेटच्या क्लॅम्पचा दाब वेगळा बसतो. "ऑल इन वन, सगळ्याला बसतं" असं कोणी लिहिलं असेल तर सोडून द्या.

आणि इथे आपल्या खान्देशी डोक्यात हमखास एक आयडिया येते, एमआयडीसीत ओळखीचा व्हीएमसीवाला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनचा) आहे, तांब्याची पट्टी आणून देऊ, दोनशे रुपयात करून देईल. बघा, वरून सपाट करणं त्याला जमेल, त्यात शंका नाही, आपल्याकडचे मशीनवाले हुशार आहेत. अडचण आतल्या खोलीत आहे. झाकणाच्या कडेचा ओठ सबस्ट्रेटवर टेकतो आणि मधला खळगा डायवर येतो. तो खळगा जास्त खोल झाला तर परत फट राहते, लिक्विड मेटल मध्ये लोंबकळत राहतं आणि मूळ झाकणापेक्षाही वाईट टेंपरेचर येतं. कमी खोल झाला तर सगळा दाब डायवर येतो, कूलरचे स्क्रू आवळले की कोपऱ्यात टक्क आवाज येतो, संपलं. इथे सुताचा हिशोब चालत नाही, मायक्रॉनचा चालतो. त्याला मूळ झाकण, डेप्थ मायक्रोमीटर आणि दोनचार तुकडे वाया घालवायची तयारी असेल तरच सांगा, आणि पहिलं झाकण मेलेल्या प्रोसेसरवर बसवून बघा. तांबंसुद्धा तांबंच आहे का ते बघून घ्या, भंगारात पितळ आणि तांबं मिसळलेलं येतं आणि पितळेचा आकडा तांब्याच्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी. रंगाने कळतंच, लाल आणि पिवळा, पण मिश्रण असेल तर नाही कळत. जळगावात राहत असाल तर सोपं आहे, सराफ बाजारात ओळखीच्याकडे टंच काढायचं मशीन असतं, त्यात ठेवलं की तांबं किती आणि जस्त किती ते लगेच दिसतं. हसतील ते, हसू द्या.

सामानाची जमवाजमव बहुतेक इथेच होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, पिवळी हीट टेप, बारीक ब्रश हे गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. धुळ्या-नंदुरबारलाही कुठल्याही मोबाइलवाल्याला विचारा. अल्कोहोल ९९ टक्केवालं घ्या, मेडिकलमधलं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं. काळी आरटीव्ही सिलिकॉन म्हणजे गाडीच्या गॅस्केटला लावतात ती, ऑटो पार्टच्या दुकानातून. पारदर्शक नेलपॉलिश घरातूनच मागा. कानातल्या कापसाच्या काड्या, जुनं एटीएम कार्ड, एक रिकामी इंजेक्शनची सिरिंज. लिक्विड मेटल एक ग्रॅमची सिरिंज मिळते, एका प्रोसेसरला तिचा जेमतेम एक कोपरा लागतो, दोघा-तिघा मित्रांनी मिळून घेतली तर परवडते.

आणि हो, कामाला बसण्याआधी हातातली अंगठी काढून ठेवा. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं आणि ते सोन्यातही शिरतं, अॅल्युमिनियम तर खाऊनच टाकतं. सोन्याच्या गावात सोन्यावर डाग पाडून घेतला तर घरी काय सांगणार. चांदीचं कडं घालत असाल तर तेही काढा.

उघडण्याआधी एकदा मोजून घ्या, हे कोणी करत नाही आणि मग नंतर "वाटतंय कमी झालं" असं बोलत बसतात. टेंपरेचर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावा, प्रोसेसरवर लोड टाकणारं सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा, सगळ्या कोरचं टेंपरेचर लिहून ठेवा आणि त्याच्यासोबत खोलीचं टेंपरेचर लिहा. खोलीचं लिहिल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही. एअर कूलिंग असो का पाण्याचं, खोली एक अंश वाढली की कोरही साधारण एक अंश वाढतो. पहाटे २५ अंशात कोर ७५ ला असेल तर मे महिन्यात दुपारी ४२ च्या खोलीत तोच कोर ९२ ला जाणार, आणि या इंटेल प्रोसेसरचा वरचा कट १०० ला आहे. म्हणून पुण्यातल्या किंवा अमेरिकेतल्या पोराचे आकडे बघून आपली सेटिंग ठरवायची नाही.

आता काढायचं काम. डिलिड टूलमध्ये प्रोसेसर ठेवताना सोनेरी त्रिकोणाचा कोपरा टूलवरच्या खुणेशी जुळवा, उलटा ठेवला तर झाकण ज्या बाजूला सरकतं तिकडे बारीक पार्ट असतील तर ते सोबत घेऊन जाईल. मग स्क्रू हळूहळू फिरवत जायचा, घाई नाही, एकदम कट्ट करून आवाज येतो आणि झाकण एक-दोन मिलिमीटर सरकतं. तो आवाज ऐकून काळजात धस्स होतं, पण तो सिलिकॉन सुटल्याचा आवाज आहे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या थंडीत करत असाल तर हेअर ड्रायरने झाकण थोडं कोमट करून घ्या, सिलिकॉन नरम पडतो. उन्हाळ्यात काही गरज नाही. दाढीच्या पात्याने कापायचे व्हिडिओ बघाल, पाना आणि हातोडीचेही बघाल, टूल दुसऱ्याचं उसनं मिळत असताना ते कशाला करायचं. स्कायलेकनंतरचा पातळ सबस्ट्रेट तर पात्याने सरळ कापला जातो आणि आतल्या तारा तुटल्या की दुरुस्ती नाही.

उघडल्यावर डायवरची जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. त्यानंतर काळा सिलिकॉन, आणि इथे वेळ द्या, कारण तोच तर सगळ्या भानगडीचं मूळ आहे. सबस्ट्रेटवरचा सिलिकॉन नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने खरवडायचा, लोखंडी काही लावायचं नाही, हिरव्या थरावर ओरखडा म्हणजे धोका. बोट फिरवून बघा, कुठेही उंचवटा लागला नाही पाहिजे. जुना थर तसाच ठेवून त्याच्यावर नवीन झाकण बसवलं तर फट होती तेवढीच राहील.

डायच्या शेजारी बारीक सोनेरी ठिपके किंवा कपॅसिटर दिसतील. हॅसवेलला तर पूर्ण रांग असते कारण त्यात व्होल्टेज रेग्युलेटरच प्रोसेसरच्या आत आहे. लिक्विड मेटलमधून करंट जातो, एक थेंब तिकडे ओघळला की शॉर्ट. त्यामुळे त्यांच्यावर नेलपॉलिशचा हात द्या, सुकू द्या, दुसरा हात द्या, परत सुकू द्या. जास्त जाड नको, झाकणाला खालून लागायला नको. पाहिजे तर वरून पिवळी टेप.

लिक्विड मेटल. सिरिंजची सुई कापसाच्या काडीवर धरून पहिला थेंब तिथेच काढा, कारण आत हवा असेल तर पहिला थेंब पचकन उडतो. मग डायवर बाजरीच्या दाण्याएवढा थेंब ठेवायचा, तेवढा बास. सुरुवातीला तो गोल होऊन इकडे तिकडे पळतो, डायला चिकटतच नाही, घाबरू नका आणि वर दुसरा थेंब टाकू नका. कापसाच्या काडीने दाबून घासत राहा, एकदा पृष्ठभागाने धरला की आरशासारखा पसरतो. थर एवढा पातळ हवा की प्रोसेसर तिरपा केला तरी काही ओघळत नाही. जास्त झालं तर रिकाम्या सिरिंजने ओढून घ्या.

नवीन झाकणाला आतूनही लावायचं, डाय जिथे टेकणार तेवढ्याच चौकोनात. आणि उघड्या तांब्याची गंमत इथे आहे, तांबं गॅलियम हळूहळू शोषून घेतं. डाग चंदेरी होतो, धुतला तरी जात नाही, आणि काही महिन्यांनी थर कोरडा पडतो, टेंपरेचर वर सरकायला लागतं. निकेलचा मुलामा असलेल्या झाकणाला हे फार कमी होतं. म्हणजे ज्या मुलाम्याला आपण वर नावं ठेवली नाहीत त्याचा इथे उपयोगच आहे. माझं मत विचाराल तर निकेल मुलाम्याचं तांब्याचं झाकण मिळत असेल तर तेच घ्या, लाल चमक दिसायला भारी असते पण ती कूलरखाली जाणार आहे, कोण बघणार. उघडं तांबंच असेल तर त्या चौकोनात जरा जास्त घासून लावा, थोडं आत मुरू द्या आणि मग वरून ताजा थर द्या.

झाकण बसवायचे दोन मार्ग आहेत. एक, काहीच न चिकटवता, सॉकेटमध्ये प्रोसेसर ठेवायचा, वर झाकण ठेवायचं, क्लॅम्प ओढायचा. यात क्लॅम्प बंद होताना झाकणाला पुढे ढकलतो, म्हणून झाकण बोटाने धरून ठेवावं लागतं, नाहीतर लिक्विड मेटल फरपटत बाजूला जातं. दोन, चार कोपऱ्यांवर आरटीव्हीचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके देऊन चिकटवायचं. पूर्ण गोल रेघ मारायची नाही, तसं केलं की कंपनीसारखीच जाडी तयार होते, आणि आतली हवा बाहेर जायलाही वाट लागते. चिकटवल्यावर टूलच्या क्लॅम्पमध्ये किंवा सॉकेटमध्येच दाबून एक दिवस सुकू द्या. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण आपल्याकडे मशीन सारखं उघडावं लागतं धुळीमुळे, आणि कूलर ओढताना झाकण कूलरला चिकटून वर आलं तर सगळं परत करायला लागतं.

नवीन झाकण वरून मोठं असल्यामुळे क्लॅम्पची चौकट त्याच्या कडेला घासत नाही ना ते आधी कोरडं बसवून बघा. घासत असेल तर कानशीने झाकण घासायला जाऊ नका, ते तुमच्या सॉकेटचं नाही असाच अर्थ धरा.

झाकण आणि कूलर यांच्यामध्ये मात्र साधी चांगली पेस्टच लावायची. लिक्विड मेटल तिथे लावायचा मोह होतो, पण बरेचसे स्वस्त टॉवर कूलर असे असतात की खाली हीट पाइप उघडे दिसतात आणि त्यांच्यामध्ये अॅल्युमिनियम असतं. गॅलियम त्या अॅल्युमिनियमचा भुगा करतं. वरची जागा मोठी असल्याने तिथे पेस्टने फारसं काही बिघडतही नाही. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

झाकण सपाट आहे का ते बघायचं असेल तर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा, कुठून उजेड येतोय ते दिसतं. येत असेल तर जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ४००, मग ८००, मग १५००, झाकण उलटं ठेवून फक्त वरची बाजू घासायची, वजन मधोमध, थोड्या वेळाने पाव चक्कर फिरवून घ्यायची. हे चिकटवण्याआधी करायचं. खालचा ओठ चुकूनही घासायचा नाही, तो घासला की खळग्याची खोली कमी झाली आणि दाब डायवर आला.

पहिल्यांदा चालू केल्यावर सरळ विंडोजमध्ये जाऊ नका, बायोसमध्ये थांबा आणि टेंपरेचर बघा. दोन-तीन मिनिटांत ते खोलीच्या पुढे दहा-वीस अंशांवर स्थिर व्हायला पाहिजे. सरसर चढत ऐंशीला गेलं तर बंद करा, झाकण टेकलेलं नाही. चालूच झालं नाही तर आधी रॅम आणि सॉकेटच्या पिना बघा, मग शॉर्ट. सगळं ठीक असेल तर तीच सिनेबेंच परत, त्याच खोलीच्या टेंपरेचरला. कोरांमध्ये पाच-सहा अंशांचा फरक चालतो, एखादाच कोर पंधरा अंश वर असेल तर त्या कोपऱ्यात लिक्विड मेटल पोचलेलं नाही.

आता ओव्हरक्लॉक. ७७००के चा टर्बो ४.५ गिगाहर्ट्झ, ८७००के चा एका कोरवर ४.७. सगळ्या कोरांना ४.८ लावून १.२५ व्होल्टपासून सुरू करा, स्थिर नसेल तर ०.०१ ने वाढवत जा. रोजच्या वापराला १.३५ च्या वर जाऊ नका. प्राइम९५ या स्ट्रेस टेस्टमध्ये एव्हीएक्सचं (जड गणिताच्या सूचनांचं) काम प्रचंड उष्णता काढतं, एव्हीएक्स ऑफसेट २ ठेवला की तेवढ्यापुरता वेग दोन पायऱ्या खाली येतो. व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका, बोर्ड आपलं उदार होऊन जास्तच देतात.

५.० च्या हट्टाबद्दल एक हिशोब. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने आणि वेगाने वाढते. ४.८ ला १.२५ लागत असेल आणि ५.० ला १.३५, तर वेग वाढला ४ टक्के आणि उष्णता वाढली जवळजवळ २१ टक्के. डिलिड करून जे दहा-वीस अंश वाचवले त्यातला मोठा वाटा त्या दोनशे मेगाहर्ट्झने परत खाल्ला. हिवाळ्यात खुशाल खेळा, पण एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हे परवडत नाही. म्हणून बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवायच्या, एक दिवाळी ते होळीची ५.० वाली, एक होळी ते पहिल्या पावसाची ४.७ किंवा ४.८ वाली, व्होल्टेज कमी केलेली. बदलायला एक मिनिट लागतो. उन्हाळ्याच्या प्रोफाइलची टेस्ट दुपारी तीनला करा, रात्री नाही, दुपारी तीनला पास झाली तर कधीही पास आहे.

डेझर्ट कूलरबद्दल, कारण एसी सगळ्यांकडे नसतो. खोली थंड होते म्हणून प्रोसेसरलाही फायदा होतो, पण कूलरची हवा सरळ कॅबिनेटवर सोडू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, बारीक थेंबांसोबत क्षार उडतो आणि फिनांवर पांढरा थर बसतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की तो थर साध्या ब्लोअरने निघत नाही. कॅबिनेट खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, समोरच्या जाळीला फिल्टर लावा, खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर खोली दमट होऊन बसते. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांच्या मशीनमध्ये झाकण बदलण्याआधी मागे एक शंभर-दोनशे रुपयांचा एक्झॉस्ट फॅन लावायची गरज असते, समोर काच आणि हवा यायला जागाच नाही अशा कॅबिनेटमध्ये तांबं काय करणार.

लाइटचं पण बघा. स्ट्रेस टेस्ट चालू असताना लाइट गेली तर प्रोसेसरला काही होत नाही पण विंडोज आणि डेटाची वाट लागते. यूपीएस असेल तर तो लोड धरतो का ते तपासा, ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसला झेपत नाहीत, तो बोंब मारत बंद पडतो.

यानंतर दर सहा महिन्यांनी, समजा दिवाळीच्या साफसफाईला आणि आखाजीच्या आसपास, तीच सिनेबेंच, खोलीचं टेंपरेचर वजा करून तोच फरक निघतो का बघा. आधी साफसफाई आणि वरची पेस्ट बदला. तरी फरक पाच-सहा अंशांनी वाढलेला असेल तर आतलं लिक्विड मेटल कोरडं पडलंय, उघडून परत लावायचं. उघड्या तांब्याच्या झाकणाला पहिल्या वर्षात हे एकदा करावं लागू शकतं, दुसऱ्यांदा लावलेला थर जास्त टिकतो कारण तांबं आधीच प्यायलेलं असतं.

मूळ झाकण फेकू नका. मॉडेल आणि बॅच नंबर त्याच्यावरच आहे, नवीन झाकणावर काही नसतं, आणि वॉरंटी तर डिलिड केल्या क्षणी गेली. मशीन विकायची वेळ आली तर ते झाकण डबीत घालून सोबत द्या आणि आत लिक्विड मेटल आहे हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, म्हणजे तो कूलर काढताना झाकण ओढणार नाही.